घर माणसांनी भरतं तेव्हा

पाहुणे येतात तेव्हा दार फार वेळ उघडं राहत नाही. घंटा वाजते, कुणीतरी धावत जातं, माणसं आत येतात, दार लागतं. निरोपाच्या वेळी मात्र तेच दार बंद व्हायचं नाव घेत नाही. निघतो निघतो म्हणत उठलेली माणसं उंबऱ्याशी पुन्हा रेंगाळतात, दोन तासांत न निघालेला विषय नेमका तिथे निघतो, कुणाची पिशवी आत राहते, पेंगुळलेलं मूल खांद्यावर टाकून एक जण पुढे होतो आणि सामान घेऊन दुसरा त्याच्यामागे. दहा-पंधरा मिनिटं दार सताड उघडं असतं. दारातल्या प्रत्येकाची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर असते, पायांकडे कुणाचीच नसते. त्या पायांमधून मांजर बाहेर जातं. ते गेल्याचं कळतं सकाळी, रात्रीचं खाणं वाटीत तसंच दिसल्यावर. मग फोनाफोनी होते आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "मला वाटलं, तुमच्यापैकी कुणाचं तरी लक्ष असेल."

हे वाक्य मनातून जात नाही, कारण ते सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटलेलं असतं. घरात चारच माणसं असताना प्रत्येकाला ठाऊक असतं की मांजर कुठे आहे. वीस माणसं जमली की वीस जणांचं लक्ष आहे असं भासतं आणि प्रत्यक्षात ते एकाचंही नसतं. यजमानांचा तर प्रश्नच नाही. कुणाला पाणी हवं, कुणी अजून आलं नाही, पदार्थ गरम करायचे राहिले, या सगळ्यात ज्यांचा प्राण्यावर सर्वांत जास्त जीव तेच त्या संध्याकाळी सर्वांत जास्त गुंतलेले असतात. त्यामुळे "आम्ही लक्ष ठेवू" या भरवशावर आखलेली काळजी समारंभात हमखास तोकडी पडते. जी काळजी कुणीही पाहत नसताना चालू राहते, तीच त्या दिवशी उपयोगाची. ती पाहुणे यायच्या आधी, घर शांत असताना घेऊन ठेवावी लागते.

भरवसा लक्षावर नको, कडीवर हवा.

दारापुरतं बोलायचं तर बाहेरची जागा आणि प्राणी यांच्यामध्ये कधीही एकच अडसर नसावा, दोन असावेत. मुख्य दार उघडलं तरी आतलं एक दार किंवा जाळी बंदच राहिली पाहिजे. लहान मुलांसाठी मिळणारं आडवं फाटक कुत्र्याला पुरतं, तेही तो उंच उडी घेणारा नसेल तर. साधारण पाऊण मीटर उंचीचं असं फाटक मांजर धाव न घेताही ओलांडतं, म्हणून मांजरासाठी बंद खोलीला पर्याय नाही. कुत्रा पाहुण्यांमध्ये वावरणार असेल तर येण्याच्या आणि जाण्याच्या वेळेला त्याला छातीभोवती बांधायचा हार्नेस आणि पट्टा घालून एका ठरलेल्या माणसाच्या हातात द्यावा. नुसता गळपट्टा घाबरलेल्या कुत्र्याच्या डोक्यावरून सहज निघून येतो. तो मागे सरकतो, मान खाली घालतो आणि पट्टा हातात राहतो. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील, तिसरं जाणार नाही, इतपत घट्ट असावा. मांजराचा गळपट्टा ताण आल्यावर आपोआप सुटणारा असावा, नाहीतर कुठेतरी अडकून तोच फास होतो.

मायक्रोचिपबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. कातडीखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप प्राणी कुठे आहे हे सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला तरच ती आपला क्रमांक सांगते, आणि त्या क्रमांकापुढे नोंदवलेला फोन नंबर बरोबर असेल तरच घरापर्यंत वाट जाते. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या ५३ निवाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिप असलेल्या हरवलेल्या मांजरांपैकी ३८ टक्क्यांहून अधिक घरी परतली होती. हरवून तिथे आलेल्या सगळ्या मांजरांचा हिशेब केला तर हेच प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होतं. चिप असूनही मालक सापडला नाही, अशा प्रकरणांत सर्वांत मोठं कारण होतं चुकलेला किंवा बंद पडलेला फोन नंबर. समारंभाच्या आठवड्यात करायचं पहिलं काम म्हणजे हा नंबर तपासणं. पाच मिनिटांत होतं. आणि मांजर गेलंच, तर दूर धावत सुटू नये. हरवून सापडलेल्या मांजरांच्या २०१८ मधल्या एका अभ्यासात तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत सापडली होती. भेदरलेलं मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. म्हणून हाका मारत फिरण्यापेक्षा रात्री टॉर्च घेऊन गाड्यांखाली, जिन्याखाली, झुडपांच्या बुडाशी वाकून पाहावं. उजेडात डोळे चमकतात, त्यावरून माग लागतो.

आता खोली. समारंभाच्या काळात प्राण्यासाठी एक खोली राखून ठेवावी हा सल्ला सगळे देतात. तो बिघडतो कुठे, हे मात्र कमी सांगितलं जातं. पहिली चूक वेळेची. पाहुणे आल्यावर मांजराला उचलून अनोळखी खोलीत कोंडलं तर ती खोली त्याला शिक्षा वाटते. निदान चार-पाच दिवस आधीपासून त्याचं रोजचं खाणं तिथेच द्यावं, आवडतं अंथरूण न धुता तिथे न्यावं, म्हणजे त्याचा स्वतःचा वास तिथे रुळतो. दुसरी चूक खोली निवडण्याची. पाहुण्यांच्या पिशव्या आणि कोट ठेवायची खोली, किंवा जिच्यातून न्हाणीघराकडे जावं लागतं ती खोली, या कामाची नाही. तिथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी दार उघडणारच. मुख्य दारापासून सर्वांत दूरची, कुणाला कशासाठीही लागणार नाही अशी खोली घ्यावी. लिटर ट्रे, म्हणजे शी-लघवीसाठीचा वाळूचा ट्रे, एका टोकाला आणि खाणंपाणी दुसऱ्या टोकाला ठेवावं, कारण दोन्ही शेजारी असतील तर बरीच मांजरं दोन्ही टाळतात. खिडकीची कडी हाताने ओढून पाहावी. नुसती डासांची जाळी मांजराला थांबवत नाही.

लपायला जागा मात्र हवीच. पुठ्ठ्याचं साधं खोकं, शक्यतो दोन बाजूंनी उघडं, म्हणजे कुणी समोर आलं तर मागून निघता येतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचे दोन गट पाहिले, एका गटाला लपायला खोकं दिलं आणि दुसऱ्याला नाही. खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर उतरला. लपलेल्या मांजराला "बघ ना, सगळे आलेत" म्हणत ओढून बाहेर काढणं म्हणूनच क्रूरपणा आहे, कितीही प्रेमाने केलेलं असो. ते स्वतःला सावरत असतं आणि सावरण्याचं तेवढंच एक साधन आपण काढून घेतो. खोलीला कुलूप लावावं, किल्ली एकाच माणसाकडे असावी आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहावं: आत मांजर आहे, उघडू नका. मुलांच्या उंचीवरही एक कागद लावावा. त्याच माणसाने साधारण तासातासाने आत जाऊन पाहावं. एकाच माणसाने यासाठी की "तू पाहिलंस का" हा प्रश्न उरू नये.

कुत्र्याच्या बाबतीत खोली हे सरसकट उत्तर नाही. एकटं राहण्याची सवय नसलेला कुत्रा बंद दारामागे भुंकतो, दार खरवडतो, नखं मोडून घेतो, आणि बाहेरचे आवाज ऐकू येतात पण माणसं दिसत नाहीत म्हणून आणखी बिथरतो. त्याला आधीच्या आठवड्यांत पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, अर्धा तास असं एकटं राहायला शिकवावं लागतं. तेवढा वेळ हाताशी नसेल तर त्या संध्याकाळी त्याला ओळखीच्या घरी ठेवणं चांगलं. प्राण्यांच्या वसतिगृहात ठेवणार असाल तर नेमकी समारंभाची रात्र ही त्याची तिथली पहिली रात्र असू नये. आधी एखादी साधी रात्र ठेवून पाहावी. घरीच राहणार असेल तर पाहुणे यायच्या तासभर आधी त्याला लांब फिरवून आणावं, हुंगू द्यावं, घाई करू नये. मग पोकळ रबरी खेळण्यात त्याचंच खाणं भरून गोठवून ठेवलेलं असावं, ते द्यावं. चाटणं आणि चावणं यांनी कुत्रा शांत होतो, आणि गोठलेलं खाणं अर्धा-पाऊण तास पुरतं. अशी दोन-तीन तयार ठेवली की संध्याकाळचा अवघड भाग पार पडतो.

समारंभाच्या फोटोंमध्ये एक फोटो हमखास असतो: मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून हसतंय आणि कुत्र्याचं तोंड उघडं आहे. लोक म्हणतात, बघा कसा हसतोय. त्या फोटोत कुत्र्याचे डोळे पाहावेत. मान एका दिशेला वळलेली आणि डोळे दुसरीकडे, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढऱ्याची चंद्रकोर दिसते. कान मागे गेलेले असतात, ओठांच्या कडा ताणलेल्या असतात, कधी एक पुढचा पाय किंचित उचललेला असतो. तो कुत्रा सुटका मागतो आहे. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी याची एक शिडी मांडली आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई, डोळे मिचकावणं, नाक चाटणं. मग मान फिरवणं, अंग वळवणं, पाय उचलणं. मग दूर जाणं, कान पाडून दबकणं, शेपूट पोटाशी घेणं. त्यानंतर ताठरून टक लावणं, गुरगुरणं, हवेत चावा, आणि शेवटी खरा चावा. "काही कारण नसताना चावला" असं म्हणतात तेव्हा खालच्या पायऱ्या बहुधा होऊन गेलेल्या असतात, गर्दीत त्या कुणी पाहिलेल्या नसतात. शिवाय ज्या कुत्र्याला गुरगुरल्याबद्दल पूर्वी रागावलेलं आहे, तो मधल्या पायऱ्या गाळायला शिकतो. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दिल्याबद्दल शिक्षा करणं फार धोक्याचं.

मुलांना शिकवायला सोपी गोष्ट ही: कुत्रा आपणहून जवळ आला तरच हात लावायचा, छातीवर किंवा खांद्यावर, डोक्यावरून नाही. तीन सेकंद कुरवाळायचं आणि हात काढून घ्यायचा. तो पुढे झुकला, अंग टेकवलं, तर पुन्हा. तसाच उभा राहिला किंवा बाजूला झाला, तर बास. पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही हे जमतं आणि त्यांना त्यात गंमत वाटते. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा टेबलाखाली गेलेल्या कुत्र्याजवळ मात्र कुणीच जायचं नाही, मोठ्यांनीही नाही. मूल आणि कुत्रा एकत्र असताना एका मोठ्या माणसाचं फक्त त्यांच्याकडेच लक्ष असेल असं होणार नसेल, तर दोघांना वेगळं ठेवावं.

आवाजाबद्दल आपला अंदाज चुकतो, कारण तो आपल्या कानांचा असतो. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत आणि मांजराला त्याहूनही वरचं. फुग्यावर बोट घासल्याची किंचाळी, माइकची शिट्टी, चमच्यांचा खणखणाट यांत आपल्याला न ऐकू येणारा एक थर असतो, आणि तो त्यांना ऐकावाच लागतो. खोलीत पंखा किंवा एकसुरी आवाज चालू ठेवल्याने बाहेरचे अचानक धमाके थोडे बुजतात. तोही आधीच चालू करावा, आवाज सुरू झाल्यावर नव्हे. आतषबाजी होणार असेल तर पडदे ओढावेत आणि फिरवून आणण्याचं काम उजेड असतानाच उरकावं. घाबरलेला प्राणी जवळ आला तर त्याला जवळ घ्यावं. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज सोडून द्यायला हवा, भीती ही काही बक्षीस मिळवण्यासाठी केलेली करामत नसते. ज्यांची भीती फार तीव्र आहे त्यांच्यासाठी आता चांगली औषधं आहेत, पण ती पशुवैद्याने वजन पाहून ठरवायची आणि एखाद्या साध्या दिवशी आधी देऊन पाहायची. ऐन समारंभात पहिला डोस देऊ नये. एसप्रोमझिन हे गुंगीचं जुनं औषध एकटं देऊन कुत्रा गप्प पडला तर समाधान मानू नये. शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते, फक्त ती दाखवायची ताकद जाते.

खाण्यातल्या विषांची यादी बहुतेकांना तोंडपाठ असते. तरी अपघात होतात, कारण यादी माहीत असते पण प्रमाण माहीत नसतं, आणि पाहुण्यांना तर यादीही माहीत नसते. चॉकलेट घ्या. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू जातं, निम्मं उतरायलाच सतरा-अठरा तास लागतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते एका ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५ च्या आसपास, आणि बेकिंगच्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये १५ च्या घरात. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलट्या आणि अस्वस्थता सुरू होते, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दुधाच्या चॉकलेटचे १०० ग्रॅम, डार्कचे ४० ग्रॅम आणि बेकिंगच्या चॉकलेटचे जेमतेम १३-१४ ग्रॅम इथून त्रास सुरू होतो. "केकचा एक तुकडा खाल्ला" या वाक्यावरून काहीच ठरत नाही, तुकडा कशाचा हे कळलं पाहिजे. बेदाणे आणि द्राक्षं याहून फसवी. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याची थोड्याशा दाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होतात. त्यांतलं टार्टरिक आम्ल याला कारणीभूत असावं, असं २०२१ पासून पशुवैद्य मानू लागले आहेत. त्याचं प्रमाण फळागणिक बदलतं, त्यामुळे सुरक्षित मात्रा सांगता येत नाही. एक बेदाणाही मुद्दाम देऊ नये.

कांदा आणि लसूण यांचा त्रास लगेच दिसत नाही, म्हणून त्यांच्यावर संशयही जात नाही. त्यांतले गंधकयुक्त घटक तांबड्या पेशी फोडतात आणि हिरड्या फिकट पडणं, धाप लागणं, लघवी गडद होणं हे तीन-चार दिवसांनी समोर येतं. मांजराला तर किलोमागे पाच ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम. शिजवल्याने विष जात नाही, आणि वाळवलेल्या पुडीत ते आणखी दाट होतं. कांद्याचे तुकडे वेचून काढलेला रस्सा म्हणूनच निर्धोक नसतो. तेलकट, चरबीचे उरलेले तुकडे स्वादुपिंडाला सूज आणतात. शिजवलेली हाडं ठिसूळ होऊन अणकुचीदार तुटतात. पदार्थ टोचायच्या लाकडी काड्या मसाल्याच्या वासामुळे अख्ख्या गिळल्या जातात आणि आतून पोट भेदतात. फुगायला ठेवलेली कच्ची कणीक पोटाच्या उबेत आणखी फुगते आणि आंबताना अल्कोहोल तयार करते. कुरकुरीत खाऊच्या रिकाम्या पिशवीचा धोका तर फार थोड्यांना माहीत असतो. तळाशी उरलेला चुरा चाटायला कुत्रा डोकं आत घालतो, श्वास घेताच प्लास्टिक नाकातोंडाला चिकटतं आणि काही मिनिटांत तो गुदमरतो. पिशवी टाकण्याआधी तळ आणि एक बाजू फाडून सपाट करावी.

पण मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती ताटांची नाही, पिशव्यांची.

पाहुण्यांच्या पर्स आणि खांद्यावरच्या झोळ्या जमिनीवर, पलंगावर, खुर्चीच्या पायाशी ठेवलेल्या असतात आणि त्यांत काय आहे हे यजमानाला कधीच ठाऊक नसतं. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं. कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्शुलिनचा लोंढा सुटतो आणि अर्ध्या तासात साखर कोसळू शकते, कधी काही तासांनी. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंच त्याला पुरतं, आणि काही गमच्या एका गोळीत पाच किलोच्या कुत्र्याला आजारी पाडण्याइतकं झायलिटॉल असतं. किलोमागे ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतच धोक्यात येतं. वेदनाशामक गोळ्या असतात. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना नासवतं. यावर उपाय अगदी साधा आहे. दारातच पिशव्या घेऊन एका कपाटात ठेवाव्यात आणि कपाट बंद करावं. पाहुण्यांना यात पाहुणचारच दिसतो. "कुत्र्याला काही देऊ नका" असं वीस वेळा सांगण्यापेक्षा त्याच्या रोजच्या खाण्याचे मोजून ठेवलेले दाणे एका वाडग्यात ठेवावेत आणि सांगावं, द्यायचं असेल तर यातलंच द्या. माणसांना त्याला काहीतरी द्यायचंच असतं. ती ओढ अडवण्यापेक्षा तिला वाट करून देणं जास्त टिकतं.

सजावटीत दोन गोष्टींबाबत अजिबात तडजोड नको. मांजर असलेल्या घरात लिलीची फुलं येऊ देऊ नयेत, भेट म्हणून आलेल्या गुच्छातही. पान, पाकळी, अंगावर पडून चाटला गेलेला पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा, यांतलं काहीही मांजराची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पाडू शकतं. लक्षणं दिसायची वाट पाहिली तर उशीर होतो. दुसरी गोष्ट फिती, झिरमिळ्या, भेटवस्तूंची दोरी. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. त्याचं एक टोक बऱ्याचदा जिभेच्या मुळाशी अडकतं, बाकीचा धागा पुढे जातो, आणि नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात तशी आतडी त्याच्याभोवती गोळा होतात. मग तोच धागा आतड्याला कापत जातो. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नये, कापूही नये, तसंच दवाखान्यात न्यावं. बाकी बटणाएवढ्या बॅटऱ्या, मेणबत्त्या, दिव्यांच्या वायरी यांना एकच नियम: शेपटीच्या आणि उडीच्या टप्प्याबाहेर. सुगंधी तेलांचे डिफ्यूझर मांजर आणि पक्षी असलेल्या घरात लावू नयेत.

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर, त्यांची फुफ्फुसं फार नाजूक असतात. नॉनस्टिक भांडं कोरडं तापलं की निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही आणि पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत मरतो. समारंभाच्या दिवशी चारही शेगड्यांवर भांडी असतात आणि एखादं विसरलं जातं, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून सर्वांत लांब, दार लावून ठेवावा. ससे आणि गिनिपिग आरडाओरडा करत नाहीत, त्यामुळे ते बरे आहेत असं वाटतं. भीतीने त्यांचं खाणं थांबतं, खाणं थांबलं की आतडी थांबतात. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर ती तातडीची बाब समजावी.

पोटात काही गेल्याचा संशय आला तर पहिला फोन पशुवैद्याला. चालू दवाखाना कुठला, हे आधीच ठरवून नंबर फ्रिजवर लावलेला असावा, कारण समारंभ असतात तेव्हाच नेहमीचे दवाखाने बंद असतात. चार गोष्टी सांगाव्या लागतात: प्राण्याचं वजन, काय खाल्लं, किती, आणि केव्हा. वेष्टन फेकू नये, घटकांची यादी त्यावरच असते. घरच्या घरी मीठ पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नये, रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच जीव जाऊ शकतो. झोपाळलेल्या किंवा झटके येणाऱ्या प्राण्याला उलटी करवणं तर त्याहून वाईट. दवाखान्यात उलटी काढण्याचा खरा फायदा पहिल्या एक-दोन तासांतच असतो, त्यामुळे "थोडा वेळ बघू" यात नेमका तोच वेळ जातो. लाजही वाटते, पाहुण्यांसमोर घाई कशी करायची म्हणून. करावी. समजून घेतात लोक.

पाहुणे गेल्यावर दमलेल्या माणसांकडून दोन कामं राहून जातात. एक, जमिनीवरची पाहणी: सोफ्याखालचे बेदाणे, फुटलेल्या फुग्याचे तुकडे, पडलेली काडी, अर्धे भरलेले पेले. दुसरं, कचऱ्याची पिशवी. ती बांधून दाराशी ठेवली जाते आणि घर झोपतं. हाडं, चरबी, फिती, सगळं एकाच ठिकाणी, एका गाठीच्या आड. ती घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बंद दारामागे जाईपर्यंत कुत्र्याला त्याच्या खोलीतच राहू द्यावं. खोली आणखी दोन दिवस तशीच मांडलेली ठेवावी. साचलेला ताण एका झोपेत उतरत नाही, आणि एरवी सोसणारा कुत्राही दुसऱ्या दिवशी लहानशा कारणावरून चिडतो. तेव्हा त्या दिवशी नवा पाहुणा, आंघोळ, नखं कापणं यांतलं काही काढू नये. पुढचे तीन-चार दिवस खाणं, उलटी, शी, लघवी यांकडे रोज पाहावं. स्वादुपिंडाची सूज, बेदाण्यांनी बिघडलेली मूत्रपिंडं, कांद्याने फुटलेल्या पेशी हे सगळं याच दिवसांत बाहेर येतं. बोक्यावर विशेष नजर असावी. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती पूर्ण बंद होऊ शकते. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, आणि वाळू कोरडीच राहते. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, म्हणून वाळू कोरडी दिसली की सकाळची वाट न पाहता रात्रीच त्याला घेऊन निघावं.